तोंडचा भाव आणि कागदाचा भाव

वाचकांचे प्रश्न : जमीनजुमला

प्रश्न : आम्ही तिघे भाऊ. येळ्ळूरच्या शिवारात आमची वडिलोपार्जित अडीच एकर भातजमीन आहे. आम्ही दोघे ती कसतो. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीस असून त्याला आपला हिस्सा पैशांत हवा आहे. दलाल गुंठ्याला जो भाव सांगतो, त्याच्या पावपटीत शेजारच्या शेताचे खरेदीपत्र नोंदलेले आहे. पाठच्या भावाशी व्यवहार करताना यातला कोणता भाव खरा धरावा?
– एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : आपण दोन भाव सांगितले आहेत, पण शेतवडीला तिसराही एक भाव असतो आणि तो कोणीच उच्चारत नाही. तो पिकाचा भाव होय. प्रथम तोच काढावा. समजा, आपल्या एका एकरातून भात आणि त्यामागचे भाजीपाल्याचे पीक मिळून, मजुरी, बियाणे, खत, नांगरट आणि घरच्या माणसांची मेहनत वजा जाता, वर्षाला साठ हजार रुपये उरतात. (हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे, आपण आपल्या वहीतला घालावा, आणि घरच्या मेहनतीचे पैसे वजा करायला विसरू नये, कारण ती चूक जवळजवळ सगळेच करतात.) बँकेत ठेवलेल्या पैशावर सात टक्के व्याज मिळते असे धरले, तर वर्षाला साठ हजार देणारी वस्तू सुमारे साडेआठ लाखांची होते. निव्वळ शेती करण्यासाठी एक एकर जमीन विकत घेणाऱ्याला हाच भाव परवडतो. आता दलालाने गुंठ्याला पाच लाख सांगितले असे समजू. एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे दोन कोटी झाले. साडेआठ लाख आणि दोन कोटी यांच्यामधले जे अंतर आहे, ते आपल्याकडच्या बासमती भाताच्या वासाचे नव्हे. उद्या रस्ता येईल, ले-आउट पडेल, शहर इथवर पोचेल या आशेची ती किंमत आहे. शहराला लागून असलेल्या सगळ्याच गावांच्या शिवारांत आज पिकाच्या भावावर ही आशा चढलेली आहे.

दलालाच्या भावाबद्दल एवढे ध्यानात ठेवावे की तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. इसारा देऊन मग वर्षानुवर्षे लोंबकळत राहिलेले व्यवहार प्रत्येक गावात दोन-चार तरी सापडतात, आणि गावात चर्चा मात्र त्या इसाऱ्याच्या आकड्याचीच होते.

राहिला कागदाचा भाव. सब-रजिस्ट्रार कचेरीत प्रत्येक गावच्या जमिनीला सरकारने ठरवलेले मार्गदर्शक मूल्य असते, आणि ते किंवा करारातली रक्कम यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. साहजिकच पुष्कळ लोक मार्गदर्शक मूल्याच्या आसपासचा आकडा कागदावर घालतात आणि उरलेले पैसे हातोहात देतात. आपल्या शेजाऱ्याच्या खरेदीपत्राची गोष्ट बहुधा हीच असावी. यात कायद्याचा धोका आहे तो आहेच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारता येत नाही, आणि स्वीकारल्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. परंतु मला त्याहून मोठे नुकसान वाटते ते वेगळेच, आणि ते व्यवहार करणाऱ्या दोघांचे नसून साऱ्या गावाचे आहे.

हलगा-मच्छे बायपास आणि बेळगावभोवतीचा रिंग रोड या दोन नावांनी आपल्या भागातल्या शेतकऱ्यांची किती वर्षे आंदोलनात गेली, हे आपणांस सांगायला नको. सुपीक जमीन रस्त्याला द्यावी की नाही हा एक प्रश्न झाला. द्यावीच लागली तर मोबदला कसा ठरतो, हा दुसरा. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याप्रमाणे बाजारभाव काढताना मार्गदर्शक मूल्य पाहतात. त्याचबरोबर परिसरातल्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांतली नोंदलेली खरेदीपत्रे घेऊन, त्यांतल्या चढ्या भावाच्या निम्म्या खरेदीपत्रांची सरासरी काढतात. या दोहोंत जे जास्त, तो बाजारभाव. ग्रामीण भागात त्याला एक ते दोन यांमधल्या ठरलेल्या गुणकाने गुणतात, झाडे-विहिरी यांची किंमत मिळवतात, आणि मग त्या साऱ्या रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम देतात. राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनालाही २०१५ पासून मोबदल्याची हीच पद्धत लागू आहे. आता विचार करा. चाळीस लाखांचा व्यवहार कागदावर दहा लाखांना नोंदला, तर लपलेले तीस लाख गुणकातही धरले जात नाहीत आणि दिलाशातही धरले जात नाहीत. मुद्रांकाचे थोडे पैसे वाचवणारा आज सुटतो, आणि पाच वर्षांनी त्याच्याच बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याला अधिकारी शांतपणे सांगतो की आपल्या गावात जमिनीचा भाव एवढाच आहे, ही पाहा तुमचीच खरेदीपत्रे. त्या वेळी त्याला उत्तर देता येत नाही.

काही वाचक उताऱ्यावरच्या ‘आकारा’वरून, म्हणजे साऱ्याच्या आकड्यावरून, जमिनीचा कस ठरवू पाहतात, म्हणून तेही सांगून टाकतो. इंग्रजी अंमलात १८२०च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनेत निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवण्याचा प्रयोग केला. कागदावर तो फार शास्त्रशुद्ध होता. प्रत्यक्षात रयत मोडकळीस आली. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला आणि मातीची खोली, पोत, दोष पाहून प्रती पाडल्या व आकार बसवला. आपल्या दक्षिण महाराष्ट्र भागाच्या मोजणीची धुरा विंगेट यांच्याकडे होती, आणि या पद्धतीचे नियम १८४७ मध्ये कायम झाले. आज उताऱ्यावर दिसणारे काही रुपये-पैसे हे त्या प्रतवारीचे अवशेष आहेत. दोन शेजारच्या शेतांच्या मातीची तुलना करायला त्यांचा अजून थोडा उपयोग होतो, किमतीला मुळीच नाही. गंमत अशी की आपला उतारा कानडीत असला, तरी आकारबंद, टिप्पण, हिस्सा, खराब हे शब्द त्यात जसेच्या तसे आहेत, आणि ‘पोडी’ म्हणून जे लिहितात ती आपली फोडच.

आता आपल्या वाटणीकडे येऊ. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे हे खरे, पण उताऱ्यात खराबा किती आहे ते आधी पाहावे. ‘अ’ खराब म्हणजे पिकाला नालायक पण आपलाच तुकडा. ‘ब’ खराब म्हणजे नाला, पाणंद, रस्ता यांसाठी राखलेली जागा, आणि तिची किंमत आपल्याला लावता येत नाही. समजा ‘ब’ खराब चार गुंठे निघाला, तर वाटणी शहाण्णव गुंठ्यांची, म्हणजे प्रत्येकी बत्तीस गुंठ्यांची झाली. शिवाय रस्त्याकडेचा गुंठा आणि आतला गुंठा एका भावाचे नसतात.

भाव कोणता, याचे माझे उत्तर असे. आपण दोघे जमीन कसणार आहात, विकणार नाही. तेव्हा दलालाच्या भावाने धाकट्याला पैसे द्यायचे म्हटले, तर ते कर्ज भाताच्या उत्पन्नातून आपल्या नातवंडांच्या हयातीतही फिटणार नाही. उलट पिकाच्या भावाने त्याची बोळवण केली आणि चार वर्षांनी आपण बिल्डरला जमीन दिली, तर तो आयुष्यभर आपल्याला नावे ठेवील आणि ते योग्यच होईल. म्हणून आज पिकाच्या भावापेक्षा चांगली वाढवून, आपल्याला झेपेल अशी रक्कम त्याला द्यावी. आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या हिश्श्याची विक्री किंवा संपादन झाले, तर येणाऱ्या जादा रकमेत त्याचा ठरावीक वाटा राहील, असे नोंदणीकृत दस्तात लिहून ठेवावे. तोंडी ठरवू नये. कुटुंबातल्या वाटपपत्राला किंवा हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क खरेदीपत्रापेक्षा पुष्कळच कमी लागते, त्यामुळे खर्चाची सबब सांगायलाही जागा नाही. वकिलांकडून मसुदा करून घ्या, आणि त्याआधी मोजणी करून ‘इलेव्हन ई’ नकाशा काढा. त्यावाचून शेताच्या तुकड्याचा दस्त पुढे सरकत नाही.

प्रश्न : वडील १९९९ साली वारले. उताऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावे लागली. बहिणीचे लग्न १९८८ साली कोल्हापुरात झाले. लग्नात खर्चही भरपूर केला. आता जमिनीला भाव आल्यावर ती हिस्सा मागते. लग्न १९९४च्या आधी झालेल्या मुलींना कर्नाटकात हक्क नाही, असे तलाठ्याकडे ऐकले. खरे काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपण ऐकलेले एके काळी खरे होते. कर्नाटकाने हिंदू वारसा कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली. ती ३० जुलै १९९४ पासून लागू झाली आणि तिच्यात त्याआधी लग्न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहहिस्सेदार मानलेले नव्हते. परंतु ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचीच दुरुस्ती साऱ्या देशाला लागू झाली आणि तिने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहहिस्सेदार ठरवले; लग्नाच्या तारखेला तिच्यात स्थान नाही. मग वडील २००५ पूर्वी वारलेले असले तर काय, हा वाद बरीच वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालात तो मिटवला. हक्क जन्माने येतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. मुख्य अपवाद असा, की २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप पुरे झाले असेल, तर ते मोडत नाही. तोंडी वाटणी झाली होती असे नुसते म्हणून भागत नाही. तिला सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच, तोही क्वचित, न्यायालय ती मानते.

आणि जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल, तर हा सारा इतिहास वाचायचीही गरज नाही. मृत्युपत्र नसल्यास १९५६च्या मूळ कायद्यापासूनच मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे.

उताऱ्यावर आपली दोघांचीच नावे आहेत, याला आपण वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देता असे पत्रावरून वाटले. आपल्याकडे ज्याला उतारा किंवा पहाणी म्हणतात ती आरटीसी महसूल गोळा करण्यासाठी ठेवलेली नोंद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानली जाते, पण ती मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. बहिणीचे नाव लागले नाही म्हणून तिचा हिस्सा संपला, असे होत नाही. खरेदीदारांचे वकील हे जाणतात. म्हणूनच भाव आलेल्या जमिनीचा व्यवहार बहिणीच्या सहीवाचून अडतो, आणि आपल्यालाही तिची आठवण बहुधा त्याच वेळी झाली असावी. लग्नाच्या खर्चाचा मुद्दा मांडवात बोलायला ठीक आहे. जमिनीच्या हिश्श्यातून तो कायद्याने वळता होत नाही. बहीण स्वखुशीने हक्क सोडत असेल तर तसा नोंदणीकृत दस्त करावा. तिच्यापुढे नुसता कोरा कागद सहीसाठी सरकवू नये.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त गोव्यात असतो. खानापूरची जमीन पडून आहे. गावातला एकजण वाट्याने करायला तयार आहे, पण आई म्हणते, जमीन दुसऱ्याच्या हाती दिली की गेली. आमच्या चंदगडकडच्या आजोळची जमीन कुळाकडे गेली ती १९५७ साली, आणि इकडे खानापूरला काकांची गेली ती १९७४ नंतर. हा फरक कशाने पडला?
– एक वाचक

उत्तर : आपल्या आईंच्या भीतीमागे एका घरावर दोनदा कोसळलेला इतिहास आहे. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड मुंबई राज्यात राहिले. पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, मुंबई राज्यात कृषक दिन आला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. आपल्या आजोळची जमीन त्या दिवशी गेली. रेषेच्या अलीकडे मात्र तो दिवस उगवला नाही. इथे निर्णायक ठरली ती कर्नाटकाच्या १९६१च्या जमीन सुधारणा कायद्यातली १ मार्च १९७४ची दुरुस्ती. त्या तारखेला कुळांकडे असलेल्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरून लँड ट्रिब्युनलकडे त्या आपल्या नावे करून घेतल्या. पाऊस एक, माती एक, भात एक. पण चंदगडचे कूळ सतरा वर्षे आधी मालक झाले आणि खानापूरचे सतरा वर्षे खंड भरत राहिले. सीमाप्रश्नाबद्दल आपण भाषेच्या अंगाने पुष्कळ बोलतो. कोणत्या बाजूच्या कुळाला आणि कोणत्या बाजूच्या मालकाला त्या रेषेने काय दिले आणि काय नेले, हा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

आजची स्थिती सांगतो. १९७४चा तो हक्क त्या तारखेला जमीन कसणाऱ्या कुळांसाठी होता. आज नव्याने वाट्याने घेतलेल्याला त्या वाटेने मालकी मिळत नाही. बारा वर्षे कसली की जमीन कसणाऱ्याची होते, हाही गैरसमज आहे, कारण मालकाच्या परवानगीने असलेला कब्जा विरोधी कब्जा ठरत नाही. परंतु कर्नाटकात शेतजमीन खंडाने किंवा कुळाने देण्यासच कायद्याने मनाई आहे. सैनिक आणि खलाशी यांच्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर आपल्याला ती सवलत नाही. त्यामुळे वाट्याची शेती सर्वत्र चालते आणि कागदावर कोठेच दिसत नाही. तिचा भार कसणाऱ्यावर पडतो. पीक त्याने काढायचे, पण पीककर्ज, विमा आणि अतिवृष्टीची भरपाई उताऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जायची. अशा जमिनीला खत-मेहनत घालायला कोणी उत्सुक नसतो, कारण पुढच्या वर्षी ती आपल्याकडे राहील की नाही याची त्याला खात्री नसते. जमीन पडून राहते ती पुष्कळदा आळसामुळे नव्हे, या भीतीमुळे.

आपल्याला माझी सूचना अशी की गावच्या माणसाला मजुरीवर किंवा ठरलेल्या मोबदल्यावर शेतीची कामे द्यावीत, बियाणे-खताची बिले आपल्या नावावर ठेवावीत, आणि उताऱ्याच्या नऊ, अकरा व बारा या रकान्यांत काय लिहिले आहे ते दर हंगामात ऑनलाइन पाहावे. नऊमध्ये मालक, अकरामध्ये बोजा आणि इतर हक्क, बारामध्ये कसणाऱ्याचे नाव व पीक असते. कानडी वाचता येत नसेल, तर वाचणाऱ्या माणसाला समोर बसवून अक्षरन् अक्षर वाचून घ्यावे. मराठी आडनाव कानडीत उतरताना एखादी वेलांटी बदलली, तर आधारशी नाव जुळत नाही आणि पुढे अनुदानापासून वारस-नोंदीपर्यंत सगळे अडते. भरपाई आली, तर ज्याचे पीक बुडाले त्याला त्यातला वाटा द्यावा, हे मात्र कायदा सांगणार नाही. आपणच लक्षात ठेवायचे आहे.

प्रश्न : शहरालगत तीन गुंठ्यांचा प्लॉट बॉण्डवर आणि मुखत्यारपत्रावर मिळतो आहे. निम्म्या भावात आहे. घ्यावा का?
– एक वाचिका, बेळगाव

उत्तर : घेऊ नये. मुखत्यारपत्र आणि करारावर स्थावर मिळकतीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. जमीन बिगरशेती झाल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम, शहर हद्दीत असल्यास ‘बुडा’ची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) ले-आउट मंजुरी, आणि ग्रामपंचायतीत असल्यास ई-स्वत्तूचे (पंचायत मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे) नऊ नंबर व अकरा-अ हे फॉर्म मागा. ‘अकरा-ब’ दाखवला तर तो वेगळ्या, नियमित नसलेल्या मिळकतीचा आहे. निम्मा भाव हा सवलतीचा नसून या उणिवांचाच आहे.

प्रश्न : निपाणीजवळची तंबाखूची जमीन विकून कागल तालुक्यात जमीन घ्यायची आहे. कर किती बसेल?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : प्राप्तिकर केंद्राचा असल्याने सीमेमुळे त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो शहराच्या हद्दीपासूनच्या अंतराने. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरपलीकडची शेतजमीन ग्रामीण धरली जाते आणि तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. निपाणी या गटात येते. बेळगावसारख्या एक लाखाहून मोठ्या आणि दहा लाखांहून लहान शहरासाठी हे अंतर सहा किलोमीटर आहे. अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात, हे ध्यानात असू द्या. आपली जमीन दोन किलोमीटरच्या आत असेल, तरी विक्रीआधीची दोन वर्षे ती आपण किंवा आपल्या आई-वडिलांनी कसली असल्यास, आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यास, त्या मर्यादेत सूट मिळते.

अडचण येईल ती खरेदीच्या बाजूला. कर्नाटकाने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्यांवरची खरेदीबंदी उठवली. महाराष्ट्रात मात्र शेतजमीन घेणाऱ्याला तो शेतकरी असल्याचा पुरावा अजून द्यावा लागतो. आपली निपाणीची सगळीच जमीन विकण्याआधी कागलच्या तहसील कचेरीत चौकशी करावी, आणि निपाणीच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत व तिचे मराठी भाषांतर जवळ ठेवावे.